ऑस्ट्रेलियन पायदळातील साध्या शिपायाची युद्धसेवा कागदांवरून कशी शोधावी

गोव्यातील पुष्कळ घरांतील मुले आता ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत, आणि त्यामुळे २५ एप्रिल ही तारीख, जिचा आपल्याकडे पूर्वी फारसा कोणाला पत्ताही नव्हता, ती हल्ली फोंड्यातल्या नाहीतर म्हापशातल्या घरी फोनवरून येऊन पोहोचते. १९१५ साली त्या दिवशी पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैन्य तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, म्हणून तो दिवस तिथे अँझॅक दिन म्हणून पाळतात आणि शाळांतून मुलांना घराण्यातील एखाद्या सैनिकाविषयी लिहून आणायला सांगतात. माझी भाची मेलबर्नला असते. तिचे यजमान तिथलेच, आणि त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात पायदळात साधे शिपाई होते. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या मुलाने फोन करून विचारले, "आजोबा, तुम्हाला जुने कागद वाचता येतात ना? मग आमच्या शिपायाचे कागद वाचून द्याल?"

पोर्तुगीज काळातील जन्मनोंदी आणि जमिनीचे दस्तऐवज लोकांना वाचून देण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून मी लगेच हो म्हटले. काम मात्र वाटले त्यापेक्षा वेगळे निघाले. सेनापतींची चरित्रे आयती मिळतात, साध्या शिपायाचे चरित्र तारखांवरून जोडावे लागते, आणि जोडताना आपल्याला जे हवे ते त्यात घालण्याचा मोह फार होतो. या सर्व कामाचा पाया एकच नियम आहे, तो आधीच सांगतो: शिपायाची तारीख आणि त्याच्या बटालियनची, म्हणजे पायदळातील त्याच्या पथकाची, तारीख एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्याला कोणत्याही लढाईत उभे करू नये.

सुरुवात घरापासून

संगणकाला हात लावण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पूर्ण नाव, जन्माचे गाव, आईवडिलांची किंवा पत्नीची नावे, आणि भरतीच्या वेळी तो कोणत्या राज्यात राहत होता. पदक, पाकीट, छायाचित्र यांपैकी काही शिल्लक असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागवून घ्यावीत. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर किंवा पाठीवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्यामुळे कडेवरची ती बारीक अक्षरे कधी कधी घरातील सर्व आठवणींपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

घरातील कथाही लिहून घ्यावी, पण ती वेगळ्या पानावर लिहावी. आमच्या बाबतीत ती कथा अशी होती की पणजोबा गॅलिपोलीला पहिल्याच दिवशी उतरले होते, आणि पुरावा म्हणून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेला १९१४–१५चा तारा दाखवला जात असे. हा तारा म्हणजे एक कांस्यपदक आहे. १९१५ संपण्यापूर्वी जो कोणत्याही युद्धक्षेत्रात पोहोचला त्याला ते मिळे, आणि त्या वेळी इजिप्तही युद्धक्षेत्रात गणला जात होता. म्हणून तारा हा गॅलिपोलीचा दाखला नव्हे. छायाचित्रात बाहीवरच्या रंगीत चिंधीवर, म्हणजे बटालियनच्या ओळखपट्टीवर, पितळेचे लहानसे 'ए' अक्षर दिसत असेल तर मात्र तो माणूस गॅलिपोलीला होता असे समजायला जागा आहे, कारण ते अक्षर लावण्याची परवानगी तिथे किंवा त्या मोहिमेसाठी जवळच्या बेटांवर सेवा केलेल्यांनाच होती.

नाव एक, माणसे अनेक

कॅनबेरा येथील राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातील सुमारे ३,७६,००० सैनिकांच्या सेवाफाइली पानोपान छायांकित करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्यांच्या 'रेकॉर्डसर्च' या शोधयंत्रात नाव घालावे आणि मालिका क्रमांक म्हणून बी २४५५ घालावा. फाइल पडद्यावर पाहण्यास पैसे पडत नाहीत. जोडीला ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकाने ठेवलेल्या प्रयाणयाद्या पाहाव्यात, ज्यांत प्रत्येक जहाजातून निघालेल्या शिपायाचे वय, धंदा, पत्ता, धर्म आणि जवळच्या नातलगाचे नाव दिलेले असते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या कॅनबेरा शाखेने चालवलेल्या ए.आय.एफ. प्रकल्पात या माहितीचा गोषवारा मिळतो, तो पडताळणीसाठी चांगला आहे. ए.आय.एफ. म्हणजे ऑस्ट्रेलियन इंपीरियल फोर्स, परदेशात लढण्यासाठी उभारलेले स्वयंसेवकांचे सैन्य. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही वेळच्या मतदानांत ऑस्ट्रेलियन जनतेने नाकारला होता, त्यामुळे फाइलीतील प्रत्येक शिपाई स्वतःहून सही करून गेलेला आहे. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या देशातून अशा ४,१६,८०९ माणसांनी सह्या केल्या.

नावाच्या बाबतीत गोमंतकीय माणसाला एक सराव आधीपासून असतो. लिस्बनला जन्मनोंद करण्यासाठी आजोबांचे नाव शोधत जो कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून आला आहे, त्याला शेणैचे 'सिनाय', प्रभूचे 'पोरोबो' आणि शंकरचे 'शेंकोरा' होते हे ठाऊक असते. तीच दृष्टी येथे वापरावी. इंग्रजी आडनावांतही एखादे अक्षर दुपटलेले, एखादे गळलेले, शेवटचा 'ई' कधी असलेला तर कधी नसलेला आढळतो, आणि काही माणसांनी तर वय किंवा घर लपवण्यासाठी मुद्दाम दुसऱ्याच नावाने भरती केलेली असते. फाइलीत पुढे केव्हातरी खऱ्या नावाचे प्रतिज्ञापत्र जोडलेले सापडते.

शिपायाच्या क्रमांकावर मात्र एकट्यावर विसंबू नये. पहिल्या महायुद्धात हे क्रमांक सैन्यभर एकमेव नव्हते. प्रत्येक बटालियन आपले क्रमांक देत असे, त्यामुळे एकच क्रमांक अनेकांना मिळालेला दिसतो. क्रमांक, बटालियन आणि जवळच्या नातलगाचे नाव या तीन गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच समजावा. माझी चूक येथेच झाली. त्याच नावाचा, त्याच राज्यातला आणि वयाने एकाच वर्षाने मोठा असलेला दुसरा शिपाई मला आधी सापडला, आणि मी दोन आठवडे त्याचीच फाइल वाचत बसलो. छापील प्रती काढून, टिपणे करून मेलबर्नला पाठवूनही दिल्या. भाचीने शांतपणे कळवले, "मामा, यांच्या आईचे नाव वेगळे होते." पहिल्याच पानावर नातलगाचा रकाना होता आणि मी तो ओलांडून पुढे गेलो होतो.

भरतीपत्र

फाइल सहसा भरतीपत्राने उघडते. त्यावर नाव, जन्मस्थान, वय, धंदा, विवाह, पूर्वीची लष्करी सेवा, नातलगाचा पत्ता, शपथ आणि सही असते. दुसऱ्या बाजूला उंची, छाती, वजन, डोळ्यांचा व केसांचा रंग आणि अंगावरच्या खुणा. छायाचित्र नसलेल्या माणसाचे रूप या एका पानावरून डोळ्यांपुढे उभे राहते, म्हणून ते घाईने उलटू नये. उंचीचा आकडा तारखेसह वाचावा: १९१४च्या ऑगस्टमध्ये किमान उंची ५ फूट ६ इंच होती, जून १९१५मध्ये ती ५ फूट २ इंचांवर आणि एप्रिल १९१७मध्ये ५ फुटांवर आणली गेली. वयाची वरची मर्यादाही जून १९१५मध्ये ४५ वर्षांपर्यंत वाढवली गेली. पहिल्यांदा परत पाठवलेला माणूस पुढच्या वर्षी का घेतला गेला, याचे उत्तर पुष्कळदा या आकड्यांतच असते.

वयावर विश्वास ठेवताना सावध राहावे. एकवीस वर्षांखालील मुलाला आईवडिलांची लेखी संमती लागत असे, त्यामुळे काहींनी वय वाढवून सांगितले आणि काहींनी संमतीपत्र मिळवून वय वाढवले. २१व्या बटालियनमधील जेम्स मार्टिन या मुलाने आपण अठरा वर्षांचे असल्याचे सांगितले होते. आईने संमती दिली, तो गॅलिपोलीला पोहोचला आणि २५ ऑक्टोबर १९१५ रोजी आजारपणाने एका रुग्णालय-जहाजावर वारला, तेव्हा त्याला पंधरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. जन्मदाखला मिळत असेल तर तो भरतीपत्राशेजारी ठेवूनच वय लिहावे.

भरतीच्या तारखेपाशी आमच्या घराण्याची कथा पहिल्यांदा हलली. सही जुलै १९१५ची होती. गॅलिपोलीच्या बातम्या पोहोचल्यानंतर त्या एका महिन्यात ३६,५७५ माणसांनी नावे नोंदवली, आणि संपूर्ण युद्धात कोणत्याही महिन्यात इतकी भरती झाली नाही. आमचा शिपाई त्या लोंढ्यातला होता. जो माणूस जुलैमध्ये मेलबर्नला शपथ घेतो तो एप्रिलमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर असू शकत नाही. हे नातवाला सांगताना मला वाईट वाटले, पण ते सांगणे भाग होते.

बी १०३ : सर्वांत महत्त्वाचे पान

यापुढची दोन-तीन पाने आडवी, रकान्यांची आणि अनेक हातांनी लिहिलेली असतात. त्यांच्या माथ्यावर 'कॅज्युअल्टी फॉर्म' असे छापलेले असून फॉर्मचा क्रमांक बी १०३ असतो. या शब्दाने दचकू नये. येथे त्याचा अर्थ जखमी किंवा मृत असा नसून शिपायाच्या स्थितीत झालेला कोणताही बदल असा आहे: जहाजावर चढणे, उतरणे, बदली, रुग्णालय, रजा, शिक्षा, बढती. आपल्याकडे तारवट्यांच्या घरी जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक जपून ठेवलेले असते, ज्यात कोणत्या बोटीवर केव्हा चढला आणि केव्हा उतरला याच्या नोंदी असतात. हे पान जवळपास तसेच आहे, फक्त ते शिपायाच्या खिशात नसून कचेरीत भरले जात होते.

या पानावर दोन तारखा असतात आणि बहुतेक सर्व चुका त्यांच्या गोंधळातून होतात. डावीकडची तारीख ही बातमी कचेरीत पोहोचल्याची आणि उजवीकडची तारीख ती घटना घडल्याची असते. दोहोंत चार दिवसांपासून कित्येक आठवड्यांपर्यंत अंतर पडते. लिहिताना नेहमी उजवीकडची तारीख घ्यावी. मधल्या रकान्यात घटना आणि तिच्याशेजारी ठिकाण असते, पण फ्रान्समध्ये असताना ठिकाण म्हणून बहुधा नुसते 'फील्ड' किंवा 'फ्रान्स' एवढेच लिहिलेले आढळते, आणि त्यावरून गाव कळत नाही. गाव कसे शोधावे ते पुढे सांगतो.

संक्षेपांची भीती बाळगू नये, ते दोन दिवसांत पाठ होतात. टी.ओ.एस. म्हणजे बटालियनच्या पटावर घेतला, एस.ओ.एस. म्हणजे पटावरून काढला. डब्ल्यू.आय.ए. म्हणजे लढाईत जखमी, के.आय.ए. म्हणजे लढाईत ठार, आणि डी.ओ.डब्ल्यू. म्हणजे जखमांनी मरण पावला. जी.एस.डब्ल्यू. हा शब्दशः गोळीच्या जखमेचा संक्षेप असला तरी तोफगोळ्याच्या तुकड्याने झालेली जखमही त्याखालीच नोंदली जाई, म्हणून 'गोळी लागली' असे ठामपणे लिहू नये. पी.यू.ओ. म्हणजे कारण न कळलेला ताप. खंदकातील उवांमुळे पसरणारा ताप आरंभी बराचसा याच नावाखाली गेला. फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स ही गाडी नव्हे, ते आघाडीमागचे वैद्यकीय पथक होय. आर.टी.ए. म्हणजे ऑस्ट्रेलियाला परत, आणि ही अक्षरे जिथे येतात तिथे वाचणाऱ्याच्याही छातीवरचा भार उतरतो.

बदलीची एक नोंद विशेष सांगण्यासारखी आहे, कारण तिथे पुष्कळांची वाट चुकते. गॅलिपोलीहून सैन्य इजिप्तला परतल्यावर १९१६च्या आरंभी ते वाढवण्याचे ठरले, आणि पहिल्या सोळा जुन्या बटालियन दुभंगून त्यांच्या निम्म्या माणसांभोवती नव्या बटालियन उभारल्या गेल्या: पहिलीतून ५३वी, सातवीतून ५९वी, नववीतून ४९वी, सोळावीतून ४८वी, अशा रीतीने. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च १९१६मध्ये शिपायाची बटालियन अचानक बदललेली दिसली तर त्यात शिक्षा किंवा बढती शोधू नये. शिवाय नावापुढे 'अमुक बटालियनची सातवी कुमक' असे असेल, तर तो तिच्यात भरपाई म्हणून नंतर पाठवलेल्या माणसांपैकी आहे. बटालियन आधीच आघाडीवर असते आणि तो मागून जाऊन मिळतो. तो मिळेपर्यंतचा बटालियनचा इतिहास त्याचा नव्हे.

बटालियनची रोजनिशी

आता दुसऱ्या कागदाकडे वळावे. प्रत्येक बटालियनचा एक अधिकारी रोजची युद्धदैनंदिनी लिहीत असे, आणि पहिल्या महायुद्धातील या दैनंदिन्या युद्धस्मारकाच्या ए.डब्ल्यू.एम. ४ या मालिकेत छायांकित रूपात वाचता येतात. तिच्यातील २३ हा वर्ग पायदळाचा आहे. दैनंदिनीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते, पण बटालियन त्या दिवशी कोणत्या गावी होती, खंदकात होती की मागे विश्रांतीला, पाऊस होता की नाही, किती पडले, हे सर्व येते. बी १०३वरच्या 'फील्ड' या एका शब्दामागचे गाव येथे सापडते.

हे काम करताना मी वहीचे पान उभे दुभागतो. डावीकडे शिपायाच्या तारखा उतरवतो, उजवीकडे बटालियनच्या. ज्या दिवसांत डावीकडे रुग्णालय, प्रशिक्षण, रजा किंवा कैद असेल त्या दिवसांवर उजवीकडे पेन्सिलीने आडवी रेघ मारतो, म्हणजे बटालियनच्या इतिहासाचा तेवढा भाग त्याच्या खाती जमा होत नाही. काम कंटाळवाणे आहे, पण याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

या रेघेनेच आम्हाला सर्वांत मोठी गोष्ट दाखवली. आमचा शिपाई इजिप्तमध्ये पाचव्या डिव्हिजनमधील, म्हणजे अनेक बटालियन मिळून झालेल्या मोठ्या सैन्यविभागातील, एका नव्या बटालियनमध्ये बदलून आला होता आणि १९१६च्या जूनमध्ये फ्रान्सला उतरला होता. त्याच डिव्हिजनने १९ जुलैच्या संध्याकाळी फ्रॉमेल येथे हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिचे ५,५३३ लोक ठार, जखमी, बेपत्ता किंवा कैद झाले होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात एका रात्रीत इतकी हानी दुसऱ्या कोणत्याही दिवशी झालेली नाही. मी दैनंदिनीतील ते पान वाचले, लिहायलाही घेतले, आणि मग डावीकडे पाहिले. तिथे फिकट जांभळ्या शाईत, दुसऱ्या ओळीवर चढलेल्या अक्षरांत, एक शब्द होता जो मी आधी 'मोर्स' असा वाचून सोडून दिला होता. भिंगाखाली तो 'मम्प्स' निघाला, म्हणजे गालगुंड. ११ जुलैला तो रुग्णालयात दाखल झाला होता आणि ३१ जुलैला बटालियनमध्ये परतला होता. ज्या बटालियनमधून तो गेला होता ती त्याला परत भेटली नाही. त्याच नावाची, पण वेगळ्या माणसांची बटालियन त्याला भेटली असणार. हे शेवटचे वाक्य माझे आहे, कागदाचे नाही, आणि नातवाला पाठवताना मी ते तसेच नमूद करून पाठवले.

जखम, आजार, शिक्षा

जखमी झालेल्या माणसाचा प्रवास ठरावीक टप्प्यांनी होई, आणि तो माहीत असला की अर्धवट नोंदीही जुळतात. आघाडीमागचे फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, तिथून शस्त्रक्रियेची सोय असलेले सी.सी.एस. म्हणजे जखमी-निवारण केंद्र, मग आगगाडीने रूआँ किंवा एताप्ल यांसारख्या ठिकाणचे मोठे रुग्णालय, आणि जखम गंभीर असेल तर जहाजाने इंग्लंड. तिथे बरा झालेला शिपाई हेअरफिल्डसारख्या ऑस्ट्रेलियन रुग्णालयातून एखाद्या कमांड डेपोत, म्हणजे बऱ्या होणाऱ्या शिपायांच्या छावणीत, जाई. वेमथच्या डेपोची नोंद दिसली तर बहुधा पुढे ऑस्ट्रेलियाला परतीची नोंद येते, कारण लवकर बरे होण्याची आशा नसलेल्यांना तिथे ठेवत. आमचा शिपाई सप्टेंबर १९१७मध्ये बेल्जियममधील पॉलिगॉन वुडच्या लढाईत पायाला जखमी झाला आणि याच वाटेने घरी गेला.

फाइलीच्या या भागात मला त्याच्या आईचे पत्र सापडले. रेघांच्या वहीतून फाडलेले पान, त्यावर मुलाचा क्रमांक आधी चुकीचा लिहून खोडलेला आणि वर पुन्हा नीट लिहिलेला. तार आली, पण कोणता पाय ते तारेत नाही, कृपया कळवावे, एवढाच मजकूर. खाली कारकुनाने तांबड्या शाईत उत्तर धाडल्याची तारीख घातली आहे. अशी पत्रे फाइलीच्या शेवटच्या पानांत, पावत्या आणि पत्त्यांच्या बदलांच्या कागदांत दडलेली असतात. पुष्कळजण बी १०३ संपले की फाइल मिटतात. तसे करू नये, शेवटच्या पानापर्यंत जावे.

शिक्षांविषयी थोडेसे. ए.डब्ल्यू.एल., म्हणजे परवानगीवाचून गैरहजर, ही नोंद फार सर्रास आढळते आणि तिच्यापुढे पगारकपात लिहिलेली असते. पगार दिवसाला सहा शिलिंग होता, त्यातला एक सेवा संपल्यावर देण्यासाठी राखून ठेवत. दोन दिवस उशिरा परतलेल्या मुलाला एवढ्यावरून पळपुटा ठरवणे अन्यायाचे होईल. ऑस्ट्रेलियन शिपायांना लष्करी न्यायालयांनी मृत्युदंड सुनावल्याची उदाहरणे आहेत, पण एकाचीही अंमलबजावणी झाली नाही, कारण त्यांच्या कायद्यानुसार त्यासाठी गव्हर्नर-जनरलची मंजुरी लागत असे.

गुप्तरोगाच्या नोंदीही मोकळेपणाने लिहिलेल्या असतात. त्या लपवून फाइल खोटी करू नये, पण मुलाच्या शाळेच्या वहीत काय जावे हे त्या घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारून ठरवावे. मी भाचजावयांना फोन करून अशा सर्वच नोंदींविषयी आधी बोललो, आणि ते बरे झाले.

जो परतला नाही

साठ हजारांहून अधिक परतले नाहीत. अशा शिपायासाठी दोन ठिकाणे पाहावीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत समाधीचे किंवा स्मारकभिंतीचे नेमके स्थान मिळते. खडकीतील युद्धसमाधिस्थळ ज्यांनी पाहिले असेल त्यांना या आयोगाची सारख्या उंचीच्या शिळांची पद्धत ठाऊक असेल, ऑस्ट्रेलियन शिळेवर माथ्याशी उगवत्या सूर्याचे चिन्ह असते. तळाशी कुटुंबाने निवडलेली ओळ असते, तिला ६६ अक्षरांची मर्यादा होती. देह सापडला नसेल तर नाव भिंतीवर असते: गॅलिपोलीसाठी लोन पाइन, बेल्जियमसाठी मेनिन गेट, फ्रान्ससाठी बहुधा व्हिलेर-ब्रेतोनो. फ्रॉमेलच्या लढाईतील २५० जणांचे अवशेष २००९मध्ये सामुदायिक दफनाच्या खड्ड्यांतून काढले गेले आणि वंशजांच्या डी.एन.ए.वरून अनेकांना पुन्हा नाव मिळाले, त्यामुळे जुन्या यादीत 'समाधी अज्ञात' असेल तरी नवी नोंद अवश्य पाहावी.

दुसरे ठिकाण रेडक्रॉसच्या चौकशी-विभागाच्या फाइली. माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची कन्या व्हेरा डीकिन यांनी १९१५मध्ये कैरोत हा विभाग सुरू केला आणि पुढे तो लंडनहून चालवला. बेपत्ता शिपायाविषयी त्याच्या सोबत्यांना रुग्णालयांत जाऊन विचारले जाई आणि त्यांचे म्हणणे शब्दशः उतरवून घेतले जाई. अशा सुमारे ३२,००० फाइली युद्धस्मारकाकडे आहेत. एकाच मरणाविषयी तीन साक्षीदार तीन गोष्टी सांगतात, कारण कोणी पाहिलेले असते, कोणी ऐकलेले. सर्व साक्षी एकत्र करून एक गोष्ट बनवू नये. प्रत्येक साक्ष वेगळी लिहावी आणि साक्षीदार त्याच कंपनीतला होता का, ते तपासावे.

दुसरे महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धाची रीत थोडी निराळी आहे, पण सोपी. क्रमांकाच्या आरंभी राज्याचे अक्षर असते, व्हिक्टोरियासाठी 'व्ही', न्यू साउथ वेल्ससाठी 'एन', आणि त्याला 'एक्स' जोडलेला असेल तर तो परदेशसेवेच्या दुसऱ्या ए.आय.एफ.मधला, त्याची फाइल बी ८८३ मालिकेत, नागरी सेनेतल्याची बी ८८४मध्ये पाहावी. बटालियनच्या क्रमांकाआधी '२/' असेल तर ती या युद्धात नव्याने उभारलेली आहे, आणि तिची दैनंदिनी ए.डब्ल्यू.एम. ५२मध्ये आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन कैद झाले. त्यांच्या फाइलीत तिथून साडेतीन वर्षे जवळजवळ कोरी असतात, आणि त्या कोरेपणावरून ते स्वस्थ होते असा अर्थ काढू नये. गोव्यातील वाचकाला तिमोरचा भाग जवळचा वाटेल, कारण डिसेंबर १९४१मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य दिलीत उतरले तेव्हा तिथेही, पणजीप्रमाणेच, पोर्तुगालचाच गव्हर्नर बसत होता.

लिहिताना

शेवटी सर्व टिपणांवरून एक सलग परिच्छेद लिहावा, त्यातील प्रत्येक वाक्यापुढे फाइलीतील पानाचा क्रमांक घालावा, आणि ज्या वाक्यापुढे क्रमांक घालता येत नाही ते वाक्य 'घरातील सांगणे' किंवा 'माझा अंदाज' असे म्हणून वेगळे ठेवावे. नातवाच्या वहीतील परिच्छेद आम्ही असा केला: "माझ्या वडिलांचे पणजोबा जुलै १९१५मध्ये मेलबर्नला भरती झाले (पान १). नोव्हेंबरमध्ये ते इजिप्तला पोहोचले (पान ७). ते गॅलिपोलीला होते असे आमच्या घरी सांगत, पण फाइलीत तशी नोंद नाही. १९ जुलै १९१६ रोजी त्यांची बटालियन फ्रॉमेलला लढली (दैनंदिनी), त्या दिवशी ते गालगुंडाने रुग्णालयात होते (पान ८). २६ सप्टेंबर १९१७ रोजी पॉलिगॉन वुड येथे त्यांच्या डाव्या पायाला जखम झाली (पान ९). कोणत्या पायाला, हे त्यांच्या आईने पत्र लिहून विचारले होते (पान २३)."